पन्नाशीचा हिशेब

आपल्या घरांत पैशाची चर्चा मोकळेपणाने दोनच वेळा होते. एकदा सोयरीक जुळवताना, आणि दुसऱ्यांदा वारसांमध्ये वाटण्या होताना. मधल्या तीस-चाळीस वर्षांत मियाँ-बीवी वही घेऊन समोरासमोर बसल्याचे क्वचितच ऐकू येते. आम्ही बसलो. निमित्त आमच्या निवृत्तीचे होते.

आम्ही सोलापुरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वय 38. नोकरी 58 पर्यंत आहे. आमच्या मनात मात्र 50 व्या वर्षी राजीनामा द्यायचे आहे. उर्दूतून दहावी झालेल्या आमच्या कितीतरी मुली पुढे कॉलेजात आणि स्पर्धा परीक्षांत मराठीपाशी अडतात. अंगात जोर आहे तोवर त्यांच्यासाठी घरीच, फी न घेता, मराठीचा वर्ग चालवावा, असा बेत. आमच्या शौहरांचे शिलाईचे दुकान आहे. बेत ऐकून ते फक्त "कायकू?" एवढेच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

पहिला प्रश्न पेन्शनचा. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. तिच्यासाठी मार्च 2023 मध्ये राज्यभर संप झाला, तो सर्वांना आठवत असेल. आमच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून 10 टक्के कापले जातात, शासन 14 टक्के घालते. वयानुसार निवृत्त झाल्यास साठलेल्या रकमेतले किमान 40 टक्के वार्षिकीत गुंतवावे लागतात. राजीनामा देऊन आधी बाहेर पडले, तर सर्वसाधारणपणे 80 टक्के. म्हणजे हाती पाचवा हिस्सा, आणि बाकीच्यातून महिन्याला जे मिळेल ते साधारणतः वर्षानुवर्षे तेवढेच.

मग घरखर्च. आज महिन्याला 30,000 लागतात. त्यातले 12,000 दुकान देते, 18,000 आमचा पगार. महागाई वर्षाला 6 टक्के धरली, तर 12 वर्षांत सगळे दुप्पट होते. 30,000 चे 60,000. दुकानाची कमाईही दुप्पट झाली असे मानले, तरी 36,000 कमी पडतात. वर्षाला 4,32,000. वार्षिक गरजेच्या पंचवीसपट पुंजी हवी, असा एक ठोकताळा सांगतात. तो लावला तर 1 कोटी 8 लाख.

तो ठोकताळाही आपल्याला पुरत नाही. व्याज घ्यायचे नाही म्हणून आपल्यातले पुष्कळजण बँकेत आलेले व्याज बाजूला काढून गरिबांना देऊन टाकतात. शिवाय निसाबाच्या वर असलेल्या बचतीवर दरसाल अडीच टक्के जकात. 10 लाखांवर 25,000. जकात द्यायचीच, त्याबद्दल तक्रार नाही. पण नुसता पडून राहिलेला पैसा महागाईने आणि जकातीने दोन्हीकडून कमी होतो, हे वहीत लिहावे लागते. त्यामुळे पुंजी कुठल्या तरी हलाल धंद्यात, जागेच्या भाड्यात किंवा शरियतच्या कसोटीवर निवडलेल्या शेअर फंडात फिरती ठेवणे भाग आहे. आणि त्यात तोटाही होऊ शकतो.

शौहर हे सगळे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "दुकान दुप्पट देईल, असे तू कसे लिहिलेस? लोक रेडिमेड घेतात. ईदचा महिना सोडला तर मशीन रिकामी असते. सुईत दोरा ओवायला आताच चष्मा लागतो."

आम्ही दुकानाचा आकडा खोडला. कमी पडणारे 36,000 चे पूर्ण 60,000 झाले, आणि पुंजी 1 कोटी 80 लाख.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "नान-नफका माझ्यावर वाजिब आहे. आजवर जिम्मेदारी माझी आणि पगार तुझा, असे चालले. तू घरी बसलीस तर जिम्मेदारी तेवढीच राहील."

शरियतने बीवीची कमाई तिची मानली आहे, हे आम्ही सभांतून अभिमानाने सांगतो. त्याच नियमाची दुसरी बाजू एक माणूस रोज रात्री छातीवर घेऊन झोपतो, हे आम्हाला त्या वाक्याने कळले. त्यांना गरिबीची भीती नव्हती. पुरे पडणार नाही, याची होती.

त्यावर आम्ही दोघांनी काही गोष्टी ठरवल्या. 50 ही तारीख काढून टाकली. तिच्या जागी अट लिहिली. दुकानाचा एक रुपयाही न धरता हिशेब जुळेल, तेव्हाच राजीनामा. वर्षभराचा खर्च आधी वेगळा ठेवायचा. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, म्हणून कोणाच्या मागे कोणाला काय, तेही लिहिले: मुले असल्याने आमच्या मागे त्यांचा चौथा हिस्सा, त्यांच्या मागे आमचा आठवा, कर्ज आणि राहिलेला मेहेर त्याआधी. हे लिहिताना दोघांचेही हात जड झाले, पण लिहिले.

मराठीचा वर्ग मात्र पन्नाशीची वाट पाहत नाही. तो रविवारी सुरू केला आहे, शौहरांच्या दुकानातच. त्या दिवशी दुकान बंद असते. सध्या सात मुली येतात.