वही बघून घेतलेला प्लॉटर

तीन वर्षांपूर्वीपर्यंत ए-१ आकाराचा एक नकाशा छापायचा म्हणजे अफजलपुराहून कलबुर्गी गाठायची, नाहीतर सोलापूर. पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून सकाळची बस धरायची आणि संध्याकाळी नळकांडं काखेत मारून परतायचं. सोलापुरात आणखी एक अडचण असायची. आमच्या नकाशांवर कोपऱ्यातल्या चौकटीतला मजकूर कन्नडमध्ये, नुडी फाँटमध्ये टाइप केलेला. तिथल्या कॉम्प्युटरवर नुडी नसल्यानं मालकाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चुराडा दिसे. मग मी पीडीएफ करून न्यायला लागले. पण पीडीएफमध्ये ऐनवेळी खिडकी फूटभर सरकवता येत नाही. तेवढ्यासाठी पुन्हा घरी, पुन्हा बस.

स्वतःचा प्लॉटर घ्यायचं ठरलं ते एका चुकीमुळे. चूक माझीच होती. घाईत एक घराचा प्लॅन ए-३ वर छापून दिला आणि छापताना 'फिट टू पेपर'ची खूण काढायची राहिली. नकाशा साधारण सहा टक्क्यांनी आकसला. मापं लिहिलेली होती, पण ए-३ वर ती इतकी बारीक आली की गवंडीकाकांनी सरळ पट्टी लावली. फक्की मारून झाल्यावर त्यांचा फोन आला, "अक्का, पुढची खोली बारा फुटांची म्हणालात ना? मला नऊ इंच कमी भरतीय." खड्डे घेतले नव्हते म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

किती मोठा प्लॉटर घ्यायचा, याचं उत्तर मला कामाच्या वहीनं दिलं. मनात होता ३६ इंची, म्हणजे ए-० निघणारा. वर्षभराची वही चाळली तर ए-० लागला होता फक्त चार वेळा. आमच्याकडची बहुतेक कामं ३० बाय ४० च्या साइटची. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, एकास पन्नासच्या प्रमाणात ते कागदावर २४४ मिलिमीटर होतात. तळमजला, वरचा मजला, दर्शनी बाजू, छेद, सगळं ए-१ वर ऐसपैस बसतं. ए-१ ची रुंदी ५९४ मिलिमीटर आणि २४ इंची रोल ६१० चा. शिवाय रोल असला की लांबीची अडचण राहत नाही. रस्त्याचा किंवा कालव्याचा लाँग सेक्शन दोन-अडीच मीटरचा असला तरी सलग निघतो. हे कळल्यावर ३६ इंची डोक्यातून गेला.

मग स्वस्तात मिळतोय म्हणून एक जुना ४२ इंची बघायला गेलो. सोबत आबा होते. आबांनी उमेदीची सगळी वर्षं ट्रेसिंग पेपरवर रोट्रिंगच्या पेनानं नकाशे काढले आणि अमोनियाच्या वासात प्रिंटा काढल्या. प्लॉटर त्यांना नवा, पण यंत्राला हात लावायची त्यांची रीत जुनी. विकणाऱ्यानं एक प्रिंट झोकात काढून दाखवली. आबांनी झाकण उघडायला लावलं आणि हेड ज्या पट्ट्यावर सरकतं त्यावरून तर्जनी फिरवली. बोटाला काळा, चिकट भुगा लागला. पट्ट्याचं रबर विरघळत चाललं होतं. आबांनी बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "चल." जुनं यंत्र घेणाऱ्या प्रत्येकानं त्या पट्ट्यावर बोट फिरवावंच.

नव्यात माझ्यासमोर तीन होते: एचपीचा डिझाइनजेट टी२५०, एपसनचा शुअरकलर टी३१३०, कॅननचा टीए-५२००. तिन्ही २४ इंची, आणि रेघेच्या स्वच्छपणात मला तरी फरक दिसला नाही. मी दुकानात माझीच फाइल छापून घेतली आणि बाटलीतलं पाणी बोटानं नकाशावर शिंपडलं. साइटवर नकाशा ओला होतोच. पिगमेंट शाईची काळी रेघ पाणी पडलं तरी हलत नाही. टी२५० मध्ये काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची; हिरव्या रेघेला पाणी लागताच ती पसरली. आमचं नव्वद टक्के काम काळ्या रेघेचंच, त्यामुळे ते चालण्यासारखं होतं. त्याचं हेडही आपल्या हातानं बदलता येतं. तालुक्याच्या गावी मला ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली, कारण मेकॅनिक यायचा तो ६०-६५ किलोमीटरवरून. मी तोच घेतला.

शाईचा हिशेब मात्र घेण्याआधीच करायला हवा होता. सगळं मोनोक्रोममध्ये छापलं तरी हेड साफ होताना रंगीत शाईही थोडी थोडी जातेच. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. यंत्र आठवडाभर बंद ठेवलं की हेडची छिद्रं वाळतात. म्हणून प्लॉटर आता कधी बंद करत नाही आणि दर सोमवारी काम नसलं तरी एक छोटी रंगीत पट्टी छापते. यूपीएस लावलाय. तुरीच्या राशी निघतात त्या दिवसांत धूळ घरभर होते, तेव्हा वर जुनं धुवट लुगडं पांघरते. कागदाचं गणित सोपं: ५० मीटरच्या रोलमधून ए-१ ची ५८-५९ पानं.

प्रत्येक नकाशाच्या कडेला मी आता बरोबर १०० मिलिमीटरची एक रेघ काढते. छापून झालं की स्टीलची पट्टी त्या रेघेवर ठेवायची, शंभर भरले तरच नकाशा हातात द्यायचा. गवंडीकाका न्यायला येतात तेव्हा नकाशा शहाबादी फरशीवर पसरतात, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवतात आणि आधी तीच रेघ मोजतात.

तुम्ही घेणार असाल तर वर्षभराची वही आधी काढा, आणि मेकॅनिक कुठून येतो ते पैसे भरायच्या आधी विचारा.