मोरीच्या शिंगाची फणी

फणी वेगळी आणि कंगवा वेगळा. शहरात हा भेद आता कुणी पाळत नाही, पण आमच्या सांगोल्याकडच्या गावात फणीला कंगवा म्हटलं असतं तर बायका पदर तोंडाला लावून हसल्या असत्या. कंगवा मोठ्या दात्यांचा, गुंता सोडवायला. फणीला दोन्ही अंगांनी दाते; एका अंगाला जरा विरळ, दुसऱ्या अंगाला इतके दाट की लीखसुद्धा निसटू नये. दारावर वैदिणी यायच्या, त्यांच्या झोळीत सुया, दाभण, बिब्बे, काळी पोत आणि लाकडी फण्या असत. वर्षा-दोन वर्षांत त्या फण्यांचे दाते गळत. पुढं बाजारात कचकड्याच्या फण्या आल्या, रंगीत आणि स्वस्त. पण कचकडा चुलीजवळ नेला की भप्पकन पेट घेतो, म्हणून आज्जी ती घरात येऊ देत नसे. तिची फणी शिंगाची होती.

शिंग म्हणजे सांबराचं नव्हे. सांबराचं शिंग हे भरीव हाड. ते दरसाल गळतं आणि नवं येतं. गाई-म्हशीचं शिंग आतून पोकळ असतं, आत हाडाचा खुंट आणि वर शिंगाची टोपी. ही टोपी ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याची आपली नखं आणि आपले केस. म्हणून जळलं की दोघांचा वास एकच येतो. मला वाटतं म्हणूनच ती फणी केसांना परकी वाटत नाही. प्लॅस्टिकच्या फणीनं थंडीत केस चटचट करत उभे राहतात, शिंगाच्या फणीनं ते खाली बसतात. तेल मुळापासून शेंड्यापर्यंत सरकत जातं. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही, माझ्या डोक्यावरून पन्नास वर्षं ती फिरली आहे.

आमच्या भागातली म्हैस पंढरपुरी. अंगानं लहान, खायला बेताचं, पण शिंगं बघावीत! दीड-दोन हात लांब, खांद्याच्या मागं गेलेली, तलवारीसारखी. आमच्या मोरीची शिंगं तर गोठ्याच्या दारात अडायची, मान तिरकी करून ती आत शिरायची. तिच्या दुधावर आमचं मीठमिरची, वह्या-पुस्तकं, आत्याचं बाळंतपण सगळं झालं. आज्जीच्या शब्दात, "ही माझी थोरली सून हाय."

बहात्तरच्या दुष्काळात ती गेली. कडबा संपला, मग छपराचं गवत उपसून घातलं, मग तेही संपलं. आबा आणि चुलते खडी फोडायला जायचे, घरात तांबड्या मिलोच्या भाकरी. मोरी आधी आटली, मग बसली, आणि एका पहाटे उठलीच नाही. आबांनी माणूस धाडला, पण ओढायला कुणी आलं नाही. महारवाड्यानं धर्म बदलल्यावर मेलेली जनावरं ओढायचं काम सोडून दिलं होतं, आणि बरंच केलं होतं; पण आमच्या घराला ते तोवर अंगावर आलं नव्हतं. शेवटी आबांनी आणि चुलत्यांनीच तिला दोर लावले. अर्धा दिवस लागला. संध्याकाळी आबा अंगणात हात धूत बसले होते, धुतच राहिले.

आज्जीनं मात्र वेगळंच काढलं. "तिचं एक शिंग मला पायजे."

आबा भडकले. "मढ्याचं शिंग घरात आणतीस?"

"आणि देवळातला नगारा कशाचा हाय?" आज्जी म्हणाली. आबांना उत्तर सुचलं नाही.

बेंदराला बैलांची शिंगं साळायला गावाच्या खालच्या अंगाचे एक मामा यायचे. आम्ही पोरं त्यांना मामाच म्हणायचो. तासणीनं ते शिंग असं साळत की बैल डोळे मिटून उभा राही. मग तेल, मग हिंगूळ. त्यांना फण्या करायचं येत होतं. त्यांनी जाऊन दोन्ही शिंगं काढून आणली आणि परड्यात बसून काम मांडलं. मी आठ वर्षांची, शाळा बुडवून बघत बसले.

आधी शिंग उकळत्या पाण्यात ठेवून आतला खुंट सुटा केला. वास असा सुटला की काकू घर सोडून शेजारी गेली. टोकाकडचा भरीव भाग कापून बाजूला ठेवला. त्याची काठीला मूठ होते. बुडाकडचा पोकळ भाग उभा चिरला, विस्तवावर धरून फिरवत राहिले. ऊब लागली की शिंग पापडासारखं मऊ होतं. ते उलगडून दोन फरशांच्या मध्ये दाबलं आणि वर जात्याची तळी ठेवली. दुसऱ्या दिवशी सपाट पट्टी निघाली, काळी, मधे मधाच्या रंगाची एक रेघ. मग बारीक करवतीनं एकेक दाता. मामांनी मला पट्टी उजेडात धरून दाखवली. "ह्यो धागा बघ. दाता धाग्याच्या वाटंनं कापायचा. आडवा कापला की एका दिसात तुटतूय." शेवटी कानस, मग फुटक्या बांगडीच्या काचेनं खरवडणं, मग राख आणि तेलाची चिंधी. चौथ्या दिवशी फणीत तोंड दिसेल इतकी चकाकी आली.

चार दिवस त्यांना चहा मिळाला तो परड्याच्या देवळीतल्या कानतुटक्या कपातून. तो कप त्यांचा त्यांनी घ्यायचा, विसळायचा, पुन्हा देवळीत ठेवायचा. आज्जी वरून चहा ओतायची. मी विचारलं, "आज्जे, फणी आपल्या डोक्यात चालती, मग कप का न्हाई?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "जा, शेळीला पाणी दाव." पुढं फणी कुंकवाच्या डबीशेजारी फणेरपेटीत राहिली. कप देवळीतच राहिला, मामा यायचे थांबेपर्यंत.

फणीचे कायदे कडक होते. दिवेलागणीनंतर केस विंचरायचे नाहीत. फणी पाण्यात बुडवून ठेवायची नाही. शिंग पाणी पितं, फुगतं आणि वाळताना वाकडं होतं, कधी त्याचे पापुद्रे सुटतात. न्हाताना शिकेकाईच्या फेसाचा हात तिच्यावरून फिरवायचा आणि लगेच पुसायचं. ओल्या केसांत ती घालायची नाही. आधी बोटांनी गुंता, मग कंगवा, मग फणी. उन्हात नाही, चुलीशी नाही. दात्यांतला मळ दोऱ्यानं काढायचा: दोरा दुहेरी करून दात्यांच्या बुडाशी ओढायचा, तटातट मळ येतो. सुईनं उकरलं तर दात्यावर ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्यात पुढं केस अडकतो. आठवड्यातून एकदा करडईच्या तेलाचं बोट. आणि फार दिवस ठेवून द्यायची वेळ आली तर चिंधीत गुंडाळून कडुलिंबाचा पाला, कारण शिंगाला कीड लागते; लोकर आणि चामड्यासारखीच ती शिंगही खाते.

आता शिंगाच्या फण्या बहुतेक उत्तर प्रदेशातल्या संभलच्या बाजूनं येतात. प्रदर्शनात मिळतात, बऱ्याही असतात. पण शिंग म्हणून काळं प्लॅस्टिकही विकतात. ओळखायचं असेल तर उजेडात धरा: शिंगात धागा आणि रंगाची ओढ दिसते, दोन फण्या कधी एकसारख्या नसतात. कोकणात सावंतवाडी-विजयदुर्गाकडे गव्याच्या शिंगाचं नक्षीकाम होई. ते नव्यानं कुणी देऊ केलं तर घेऊ नका. १९७२ च्या कायद्यानं गव्याला संरक्षण आहे.

आज्जी गेली तेव्हा फणी माझ्याकडं आली. तीन वर्षांनी धाकट्या भावाच्या लग्नाचं आवतण द्यायला मी मामांच्या घरी गेले. फणीच्या एका दात्याला चीर गेली होती, तीही बरोबर घेतली होती. मामांना दिसत नव्हतं आता. फणी हातात घेऊन त्यांनी अंगठा दात्यांवरून फिरवला, आणि म्हणाले, "मोरी."

मामी उन्हात केस सोडून बसल्या होत्या. त्यांच्या हातात तशीच फणी होती. काळी, मधे मधाच्या रंगाची रेघ. दुसऱ्या शिंगाची.

"तुझ्या आज्जीनंच सांगितलं हुतं," मामी म्हणाल्या. "मजुरी काय द्यायची, घरात दाणा न्हाई. तवा म्हणाली, एक तुज्या बायकूला कर." मग जरा थांबून, "चा चालंल का तुला?"

"चालंल की."

त्यांच्या फणीचा एकही दाता गेला नव्हता, माझ्यापेक्षा चकाकतही होती. कोणतं तेल लावता, असं मी विचारलं. मामी हसल्या. "येगळं कशाला लावतीया? रोज डोस्क्यात फिरती, तितंच घेती." माझ्या चिरलेल्या दात्यावर त्यांनी कानस फिरवून धार बोथट केली, केस अडकू नये म्हणून. मग फणी उजेडात धरली, चेहरा आंबट केला आणि मळ काढायला पदराच्या काठाचा एक दोरा ओढून घेतला.