जर, तर आणि नाहीतर

माळव्यात पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना 'जर-तर'ची ओढ जुनीच. १७६१ साली पानिपतावर जय मिळाला असता तर? होळकरांचे संस्थान राहिले असते तर? कन्नौदच्या ओट्यांवर अशा वाक्यांत कित्येक संध्याकाळी सरल्या. ही वाक्ये बहुधा उसाशावर थांबतात. उत्तर कोणी मागत नाही.

संगणकाच्या व्यवसायात गेलेल्या मुलांमुळे आम्हांस 'हॅस्केल' या भाषेचा परिचय झाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव मिरवणारी ही भाषा १९९० साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात 'जर-तर' ही आज्ञा नसून पदावली आहे. 'पाच अधिक तीन' यास जसे मूल्य असते, तसेच संपूर्ण 'जर-तर' वाक्यासही. म्हणूनच तेथे 'नाहीतर' गाळता येत नाही. अट खोटी ठरल्यास मूल्य कोठून आणावे? शिवाय दोन्ही शाखांचे मूल्य एकाच जातीचे हवे. एकीकडे संख्या आणि दुसरीकडे नाव, असे चालत नाही.

या विचाराचे एक मूळ बुद्धिबळात आहे. १९५७-५८च्या सुमारास जॉन मॅकार्थी फोरट्रान भाषेत बुद्धिबळाच्या चाली मांडीत होते. तेथील अटीची रचना त्यांना अवघड वाटली, म्हणून त्यांनी स्वतःच एक साधन घडविले. परंतु ते दोन्ही उत्तरे आधी काढी आणि मग एक निवडी; निम्मे श्रम व्यर्थ जात. यातूनच, आधी अट तपासावी व लागेल तीच शाखा सोडवावी, ही कल्पना निघाली आणि त्यांच्या 'लिस्प' भाषेत रुजली.

हे वाचताना आम्हांस आमचा वाडा आठवत राहिला. "मुले परतली तर वाडा राखू," असे आम्ही उभयता वर्षानुवर्षे म्हणत आलो. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू नीट करावे, आणि 'नाहीतर' मात्र उच्चारू नये. तो शब्द अशुभ वाटे. वस्तुतः न उच्चारल्याने दुःख टळले नाही. परतण्याची आशा आणि विकण्याची व्यथा, दोन्ही शाखा आम्ही मनात रोज सोडवीत बसलो होतो.

आता आम्ही कागदावर लिहून ठेवले आहे: पाच वर्षांत कोणी परतले तर वाडा त्याचा, नाहीतर तो विकून रक्कम सर्व मुलांत समान वाटावी. उसाशाच्या जागी दोन्हीकडे निर्णय आला. कोणती शाखा खरी ठरेल, हे काळ पाहील. तोवर दुसरीचा भार वाहण्याचे कारण उरलेले नाही.