फॉरमॅट सापडेना

आमच्या पिढीला संगणक 'सॉरी' म्हणायचा. लिनक्सवर टेक हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम उतरवून घ्यायचा, दोन ओळींची फाइल लिहायची, 'लेटेक' असा हुकूम सोडायचा, की काळ्या पडद्यावर उमटायचं, 'सॉरी, आय कान्ट फाइंड द फॉरमॅट लेटेक.एफएमटी; विल ट्राय टेक.एफएमटी.' आणि पुढच्याच ओळीत कबुली, की तेही सापडत नाही. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी लिहिलेल्या त्या प्रोग्रामला 'मी' म्हणून बोलायची खोड होती. फॉरमॅट फाइल सापडूनही बिघडलेली निघाली तर तो 'आय ॲम स्टाइमीड' म्हणून सरळ हात टेकायचा. आजची ॲप्स 'उप्स' म्हणतात, पण काय हरवलं ते सांगत नाहीत. टेक सॉरी म्हणायचं आणि हरवलेल्या फाइलचं नावही सांगायचं.

हे फॉरमॅट म्हणजे काय, हे तेव्हा आम्हाला तोंडपाठ होतं. क्नुथ यांना 1977 साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं पाहून शिसारी आली आणि त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला घेतला. त्या काळातली यंत्रं हळू. दर वेळी सगळे मॅक्रो, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या आज्ञा, आणि ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा याचे नियम पहिल्यापासून वाचायचे तर वेळ जाणार. म्हणून एकदाच सगळं वाचून त्या क्षणीची स्मृती जशीच्या तशी डिस्कवर उतरवून ठेवायची, उन्हाळ्यात मसाला कुटून बरणीत भरून ठेवतात तसं. ही बरणी म्हणजे फॉरमॅट. ती सीडीवरून आयती येतेच असं नाही, बहुधा आपल्या मशिनवर बनवावी लागते. आणि ती बनलीच नाही, तर टेक उतरवलेलं असून नसल्यासारखं.

आमच्या हुबळी-धारवाडात 2000 नंतरच्या त्या वर्षांत लिनक्स यायचं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबरच्या सीडीतून. सीडी असणारा मित्र हुबळीच्या विद्यानगरात, ती हवी असणारे आम्ही धारवाडच्या माळमड्डीत. मग बेंद्रे बसनं जायचं, उणकल तळं ओलांडायचं आणि 'संयुक्त कर्नाटक'च्या पानात गुंडाळलेली सीडी मांडीवर धरून परतायचं. मित्राच्या आईनं चहा घेतल्याशिवाय सोडायचं नाही, आणि मित्रानं 'ओरखडा पाडू नकोस' असं बजावल्याशिवाय नाही. एवढं करून ती निम्म्यात अडकायची. आता त्याच रस्त्यावर स्वतंत्र मार्गिकेतून चिगरी बस धावते आणि तिच्यात बसलेला विद्यार्थी नवलूर येईपर्यंत फोनवर हवं ते उतरवून घेतो. सीडीच्या निमित्तानं कुणाच्या घरी चहा होत नाही. मात्र ओरखड्यापायी कुणाचा रविवारही बुडत नाही.

फॉरमॅट बनवायला रूटचा, म्हणजे मशिनच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड लागायचा, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तो फक्त सरांकडे. 'सर, लेटेक चालेना' म्हटलं की सर हातातलं काम टाकून यायचे, खुर्ची ओढायचे आणि कीबोर्डवर हात ठेवून क्षणभर थांबायचे. तेवढ्या क्षणात आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवून खिडकीबाहेर पाहायचं. कुणी सांगितलं नव्हतं, पण पासवर्ड टाइप होताना पाहणं म्हणजे कुणाच्या ताटात डोकावण्याइतकं वाईट, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. बाहेर गुलमोहर असायचा आणि पडद्यावर अक्षरं न उमटवणारा टकटक आवाज. आता प्रत्येकाचा लॅपटॉप स्वतःचा, रूट स्वतःचं, आणि 'सुडो' म्हणून जो तो स्वतःच सर.

मग 'एफएमटी-युटिल' चालू व्हायचं. पडदा भरून ओळी वर सरकायच्या: हा मॅक्रो वाचला, त्या भाषेचे शब्दतोडीचे नियम घेतले. ओळी थांबल्या की श्वास थांबायचा. शेजारचा कन्नड मित्र 'एनातलेऽ?', काय झालं रे, म्हणत डोकावायचा आणि त्याच्यामागे आणखी दोघे. अडण्याची कारणं ठरलेली. डिस्कच्या ज्या भागात फॉरमॅट लिहायचं तो काठोकाठ भरलेला असे, त्यामुळे जागाच नसे. किंवा फॉरमॅट बनलेलं असे, पण फाइलींच्या यादीत त्याची नोंद नसे. मग 'टेक्स-हॅश' चालवून यादी नव्यानं करायची. नाहीतर भाषांच्या यादीत एखाद्या परक्या भाषेचं नाव असे आणि तिची शब्दतोडीची फाइल डिस्कवर नसे. तेवढ्यासाठी सगळं फॉरमॅट अडायचं. ज्या भाषेत आम्ही जन्मात एक ओळ लिहिणार नव्हतो, तिच्यापायी धारवाडचा इंग्रजी प्रोजेक्ट रिपोर्ट खोळंबायचा. उपाय सापडला की तो जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवायचा, आणि ते पान वर्गभर फिरायचं.

याला बंधुभाव म्हणायची आम्हाला सवय आहे. बंधूंपुरताच होता तो. मुलींच्या वसतिगृहाचं दार अंधार पडायच्या सुमारास बंद व्हायचं आणि आमचं फॉरमॅट हमखास त्यानंतर बनायचं. त्यांच्यातल्या किती जणींनी लेटेकचा नाद सोडून वर्डमध्ये समीकरणं ठोकली, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. शिवाय जे बिघडायलाच नको होतं ते दुरुस्त करण्यात रात्री गेल्या आणि त्यालाच आम्ही शिक्षण म्हणत आलो. आमच्या आधीच्यांना विचारा. विद्यापीठात गणिताचा प्रबंध टंकलेखकाकडे द्यायचा, तो चिन्हांच्या जागा कोऱ्या सोडायचा, आणि मग इंटिग्रल, सिग्मा काळ्या शाईनं प्रत्येक प्रतीत हातानं भरायचे. त्यांच्या लेखी आमचा त्रास म्हणजे चैनच.

मराठीची तर गंमतच. डच अभ्यासक फ्रान्स वेल्थुइस यांनी 1991 साली टेकसाठी देवनागरीची सोय केली. तिच्यात 'ड' काढायचा तर आधी टिंब द्यायचं आणि मग रोमन डी. धारवाडातला शेवटचा 'ड' टिंबाशिवाय गेला की गाव 'धारवाद' व्हायचं. फाइल आधी एका वेगळ्या प्रोग्राममधून गाळायची, मग टेकला द्यायची, मग अक्षरांचे ठसे तयार होईपर्यंत थांबायचं. आज झीटेकमध्ये युनिकोड थेट टाइप करा, हवा तो फॉन्ट निवडा. जोडाक्षरं आता झकास येतात, तेव्हाची जरा पोक काढून उभी असायची. तरी त्या फाइलींत अक्षर न् अक्षर आम्ही मोजूनमापून टाकलेलं असे. आता शुद्धलेखन बिघडवायलाही वेळ लागत नाही.

आमच्या त्या मशिनांवर टेकचं जे संकलन चाले, ते टीटेक, थॉमस एस्सर यांनी 2006 साली थांबवलं. त्याची जागा टेक लाइव्हनं घेतली. हल्ली फॉरमॅट नसेल तर ते बहुधा मागच्या मागे बनवून घेतलं जातं. आणि ओव्हरलीफ आल्यापासून तर काही उतरवायलाच नको, ब्राउझर उघडा आणि लिहा. इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्यानं मला विचारलं, 'मामा, फॉरमॅट म्हणजे ए-फोर की लेटर, तेच ना?' मी समजावायला लागलो, त्यानं मान डोलावली, आणि शिष्टाचार म्हणून थोडा वेळ ऐकलंही.

पुढे फुकटच्या ओव्हरलीफवर त्याचा रिपोर्ट वेळेच्या मर्यादेत बसेना, म्हणून त्यानं टेक लाइव्ह स्वतःच्या लॅपटॉपवर घेतलं. एका अपडेटनंतर ते अडलं. सिस्टिमचं फॉरमॅट नवं होतं, पण त्याच्या होम डिरेक्टरीत कधीतरी बनलेलं एक शिळं फॉरमॅट आधी सापडत होतं. असलं दुखणं मला झोपेतही ओळखता येतं. मी चष्मा पुसला, खुर्ची ओढली. तोवर त्यानं तो एरर चॅटबॉटला चिकटवला होता, उत्तरही आलं होतं आणि ते बरोबर होतं. शिळं फॉरमॅट उडवून तो म्हणाला, 'झालं मामा. तू काही म्हणत होतास का?'