पासबुकाविना

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घराबाहेर पडणं बंद होतं, तेव्हा भाचीने मोबाइलवरच बचत खातं उघडून दिलं. व्हिडिओ कॉलवर एका मुलीने पॅनकार्ड कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, कोऱ्या कागदावर सही करून घेतली, झालं. व्याज जुन्या बँकेपेक्षा जास्त. २०११ साली रिझर्व्ह बँकेने बचत खात्यांचे दर मोकळे केले, त्याचं हे फळ. ५ लाखांपर्यंतचा ठेवविमा दोन्हीकडे सारखाच. म्हणजे भीती पैसे बुडण्याची नाही. मग कशाची?

रात्री पाय ठणकायला लागला की मी जुनं पासबुक काढून बसते. पहिल्या पगाराची पुसट नोंद, आईच्या आजारपणात लागोपाठ काढलेल्या रकमा, कारकुनाची वळणदार सही. (हाच कारकून खेकसायचाही, ते विसरायला नको.) नव्या खात्यात सगळं शोधता येतं, पण चाळता येत नाही. शिवाय फोन हरवला तर ओटीपी यायचा कुठे?

पेन्शन अजून जुन्याच खात्यात जमा होते. त्यातलं थोडं दर महिन्याला इकडे वळवते. किती वळवावं, ते काही ठरत नाही. भाची म्हणते, "मावशी, सगळंच टाक की!"