बाबांचे सुजलेले पाय

मुलांनो, पोलीस थकलेला तुम्ही कधी पाहिलाय? मी रोज पाहायचो. माझे बाबा अकोल्यात हवालदार होते आणि आम्ही पोलीस लाइनीत राहायचो.

श्रावणातला शेवटचा सोमवार म्हणजे अकोल्याचा कावड-पालखी उत्सव. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. सारं गाव रस्त्यावर! मी सहावीत होतो त्या वर्षी बाबा रविवारी दुपारी बंदोबस्ताला गेले, ते सोमवारी रात्री परतले. मी चित्रकलेचं प्रशस्तिपत्र घेऊन धावलो. बाबा एकदम ओरडले, "जाय तिकडं! डोकं नको खाऊ!"

मी कोपऱ्यात रडत बसलो. आई हळूच म्हणाली, "त्याइचे पाय तरी पाह्य." बूट काढले, तर पाय टम्म सुजलेले.

सकाळी बाबाच जवळ आले. "काऊन रे, बोलत नाही? माह्यं चुकलं बेटा. तुह्यावर राग नव्हता, जीव थकला होता."

पुढे तपासणीत बाबांचा रक्तदाब वाढलेला निघाला. गोळी तर सुरू झालीच, पण डॉक्टरांनी रोज चालायलाही सांगितलं. बाबा मूळचे अमरावतीचे. तिथे वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात ते लहानपणी मल्लखांब शिकले होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवणारं मंडळ ते हेच! बाबा हसून म्हणाले, "भरतीच्या वेळी पळालो, मंग पळणंच विसरलो."

मग घरात काही नियम झाले. सकाळी मैदानावर बाबांसोबत मीही फेऱ्या मारायच्या. बंदोबस्तावर भाकरीचा डबा आणि पाणी न्यायचंच. रात्रपाळीनंतर बाबा झोपले की आम्ही कुजबुजत बोलायचं. आणि ड्युटीवर वाईट काही पाहिलं, तर बाबांनी ते मनात न ठेवता आईला सांगायचं. अपघाताचा पंचनामा करून आले की त्यांना घास जात नसे. पण बोलल्यावर थोडं जेवायचे.

हळूहळू बाबांचं ओरडणं कमी झालं. पण झोपायलाच वेळ नसेल, तर एकटा व्यायाम काय करील? २०१६ साली मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाच्या सूचनेवरून. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. ती बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "पोट्ट्याइले आता घरी जेवाले भेटन."

मुलांनो, उत्सवात कडेला उभा असलेला पोलीस दिसला, तर त्याला पाणी हवं का, एवढं विचारा. त्याच्याही घरी कुणीतरी प्रशस्तिपत्र घेऊन जागं असेल.

माझं ते प्रशस्तिपत्र बाबांनी नंतर फ्रेम केलं. आजही ते त्यांच्या खाटेवरच्या भिंतीला आहे.