डोंगर रस्ता खातो, हे कळतं. पण इथं?



भेटेल तो एकच विचारतोय, "मुक्तिनाथला टू-व्हीलरवर गेलात, गाड्यांचं काय झालं?" दर्शनाचं कुणी विचारत नाही! तर सविस्तरच लिहितो, कारण पुढच्या वर्षी आपल्या तालुक्यातून आणखी दोन ग्रुप निघायच्या तयारीत आहेत असं कानावर आलंय.

आम्ही पाच जण, तीन गाड्या. सुनौलीला सीमा ओलांडली, भन्सार म्हणजे तिथलं कस्टम भरलं. बुटवल, तानसेन करत पोखरा, तिथून बेनी आणि मग कालीगंडकीच्या खोऱ्यातून घासा, मार्फा, जोमसोम, मुक्तिनाथ. खरी परीक्षा बेनीच्या पुढं. बेनी समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही खाली आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर. रस्ता चढतो तो एका बाजूला धौलागिरी आणि दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, अशा दोन आठ-हजारी पर्वतांच्या मधून. काही ठिकाणी डांबर, काही ठिकाणी नुसते दगड, काही ठिकाणी रस्त्यावरूनच ओढा वाहतोय. पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते चाक आत गेल्यावरच कळतं.

आता नुकसान. माझ्या गाडीला स्पोकची चाकं. घासाच्या अलीकडं पुढचं चाक एका खड्ड्याच्या धारेवर आदळलं. ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चेमटली, शेजारी शेजारी दोन भोकं पडली. रिम वाकली, चाक आउट मारायला लागलं. रस्त्याकडेच्या एका मेस्त्रीनं दगडावर बसून स्पोक सैल-घट्ट करत तासाभरात आउट काढला. "दाइ, अब बिस्तारै जानुस्," म्हणाला. म्हणजे दादा, आता हळू जा.

दुसऱ्या मित्राच्या गाडीला अ‍ॅलॉय व्हील आणि ट्यूबलेस टायर. इथं दिसायला भारी, तिथं डोकेदुखी. स्पोकची रिम वाकते, अ‍ॅलॉय तडकतं. बारीक तडा गेला आणि हवा धरेना. मेस्त्रीनं आत ट्यूब घालून दिली, तेवढ्यावर जपत जपत पोखऱ्यापर्यंत परत आणली. तिथं नवं चाक मिळालं, पण आपल्याकडच्यापेक्षा महाग. तिसऱ्या गाडीच्या पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गेलं. तेल डिस्क ब्रेकपर्यंत ओघळलं तर ब्रेक लागत नाही, हे उतारावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. तिघांच्याही हँडलचा कोनसेट परत आल्यावर बदलावा लागला.

आता पैशाचं बोलू. आपल्या गाडीचा विमा भारताच्या हद्दीपुरता असतो. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान, मालदीव एवढ्या देशांसाठी तो थोडा जादा हप्ता भरून वाढवता येतो. आम्ही निघण्याआधी ते करून घेतलं होतं. तरीही सगळा खर्च खिशातूनच गेला. का? नेहमीच्या पॉलिसीत नुसता टायर-ट्यूब फाटला तर काही मिळत नाही. सोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच मिळतं, तेही निम्मं. झीज झालेल्या पार्टचे पैसे नाहीत. आणि सर्व्हेअरनं बघेपर्यंत गाडी दुरुस्त करायची नाही. घासाच्या घाटात सर्व्हेअर कुठून आणायचा? मुक्काम करून चार दिवस वाट बघायची?

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो. जादा हप्ता भराच, मोठा अपघात झाला तर तोच कामाला येतो. दोन ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप, ऑइल सीलचा जोड सोबत ठेवा. पल्सर, स्प्लेंडर तिथंही धावतात, त्यांचे पार्ट मिळतात. वेगळी गाडी असेल तर इथूनच न्या. नुकसान झालं की आधी फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग पाना लावा. सामान कमी न्या. लोड जास्त आणि टायरमध्ये हवा कमी, यातच निम्म्या रिम वाकतात.

एवढं सगळं होऊनही त्या रस्त्यावर आमच्यापैकी कुणी शिवी दिली नाही, याचं मला नंतर नवल वाटलं. कारण रस्ता का खराब आहे हे समोर दिसत होतं. हिमालय अजून उंच होणारा, ठिसूळ डोंगर. पावसाळ्यात दरड येते, रस्ता घेऊन नदीत जाते. दुसऱ्या दिवशी जेसीबी लागतो, पुढच्या पावसात पुन्हा तेच. बुटवलजवळ सिद्धबाबाच्या टप्प्यात तर दरडींना कंटाळून शेवटी डोंगरातून बोगदाच काढायला घेतला. तिथं डोंगर रस्ता खातो, हे कळतं.

मग आपल्याकडं कोण खातं?

आपला तालुका सपाट. दरड नाही, बर्फ नाही, वर्षातले आठ महिने पाऊसही नाही. तरी बसस्टँड ते बाजार समिती या रस्त्यावर जे खड्डे आहेत, त्यांनी माझी तीच रिम याआधी दोनदा वाकवलीय. आम्ही तर हौसेनं गेलो होतो. पण पहाटे पन्नास लिटर दूध घेऊन येणाऱ्या माणसाची रिम वाकली तर त्याची दोन दिवसांची कमाई जाते, आणि ती कुठल्याच हिशोबात येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळं मृत्यू झाला तर ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायचा आदेश दिला. चांगलंच झालं. पण ती रक्कम जिवाची आणि जखमेची आहे, वाकलेल्या चाकाची नाही. इंग्लंडमध्ये टायर-रिमची भरपाईसुद्धा स्थानिक कौन्सिलकडं मागता येते. मात्र १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टप्रमाणं, आम्ही रस्त्याची नीट तपासणी-देखभाल ठेवली होती असं कौन्सिलनं दाखवलं तर ती सुटते. त्यामुळं त्या खड्ड्याची तक्रार आधीच नोंदलेली असली की मागणाऱ्याची बाजू भक्कम होते. नोंद आहे म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" असं म्हणता येत नाही.

ही नोंद आपल्यालाही करता येते. प्रत्येक कामाला दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना तर पाच वर्षांची देखभाल ठेक्यातच असते. तुमच्या रस्त्याचा कालावधी कधी संपतो? माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खड्ड्याचा फोटो तारखेसह काढा, लेखी अर्ज द्या, पोच घ्या. गॅरेजचं बिल त्याला जोडा. पैसे मिळतील असं मी म्हणत नाही. पण वर्षभरात अशी दोनशे बिलं एका टेबलावर जमली, तर या रस्त्यानं गावाचे किती पैसे खाल्ले हे पहिल्यांदा आकड्यात दिसेल.

माझ्या दोन जुन्या बिलांचा अर्ज सोमवारी देतोय. ज्यांच्याकडं बिलं आहेत त्यांनी सकाळी अकराला यावं. नसतील तर पुढच्या वेळी मेस्त्रीकडून मागून घ्या.